अर्ली डिसिजनच्या करारावर सही करण्याआधी खर्चाचा हिशेब करा

अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजला ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज करणं म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन, असा शब्द देणं. अर्जासोबत करारपत्र असतं आणि त्यावर विद्यार्थी, पालक व शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. असा अर्ज एका वेळी एकाच कॉलेजला करता येतो.

मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते आणि निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो. काही कॉलेजं ‘अर्ली डिसिजन टू’ ही दुसरी फेरी घेतात. तिची मुदत साधारण जानेवारीच्या सुरुवातीला असते, पण बंधन तेवढंच.

नावांमुळे गल्लत होते. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये निकाल लवकर कळतो, पण बंधन नसतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड इथली लवकरची फेरी या प्रकारची आहे. मात्र त्याच वेळी दुसऱ्या खासगी कॉलेजला लवकर अर्ज करायला तिथे सहसा मनाई असते. ब्राउन, कॉर्नेल, डार्टमथ इथे अर्ली डिसिजन आहे.

खरी मेख पैशांची आहे. चार कॉलेजांची आर्थिक मदतीची पत्रं शेजारी ठेवून तुलना करायची संधी इथे मिळत नाही. हातात एकच पत्र येतं. म्हणून सप्टेंबरमध्येच कॉलेजच्या वेबसाइटवरचा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ (मदत वजा जाता घरचा खर्च किती येईल, याचा अंदाज देणारं साधन) भरा आणि पालकांनी उत्पन्नाचे आकडे अंदाजाने नव्हे, कर-विवरणपत्र समोर ठेवून टाकावेत. स्वतःचा धंदा, भाड्याने दिलेलं घर किंवा विभक्त पालक असतील तर उत्तर बरंच चुकू शकतं. हा कॅल्क्युलेटर मुख्यतः अमेरिकी कुटुंबांसाठी बनवलेला असतो. परदेशी विद्यार्थ्यांनी थेट मदत कार्यालयाला लिहावं आणि मदत मागितल्याने प्रवेशावर परिणाम होतो का, हेही विचारावं.

मदतीचं पत्र असं वाचा. समजा वर्षाचा एकूण खर्च ९०,००० डॉलर, ग्रँट (परत न करायची मदत) ५२,०००, कर्ज ५,५०० आणि वर्क-स्टडी (शिकताना करायचं काम) ३,००० आहे. पत्रात ‘मदत ६०,५००’ दिसेल, पण कर्ज फेडायचं असतं आणि वर्क-स्टडीचे पैसे काम करूनच मिळतात. त्यामुळे घरावरचा खरा भार ३८,००० डॉलर, तोही एका वर्षाचा. चार वर्षं तो झेपणार नसेल तर सही करू नका.

मदत अपुरी पडल्यामुळे शिक्षण परवडत नसेल तर करारातून सुटका मिळते. आधी कागदपत्रांसह फेरविचाराची विनंती करा आणि तो निकाल येईपर्यंत इतर कॉलेजांना केलेले साधे, बिनबंधनाचे अर्ज मागे घेऊ नका. ‘मन बदललं’ हे कारण मात्र चालत नाही. कॉलेज यासाठी सहसा कोर्टात जात नाही, पण शब्द मोडल्याने शाळेची पत जाते आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनाही त्याची झळ बसू शकते.

अर्ली डिसिजनमधली प्रवेशाची टक्केवारी जास्त दिसते, पण त्यात कॉलेजच्या संघांसाठी आधीच निवडलेले खेळाडूही धरलेले असतात, म्हणून केवळ आकडा पाहून कॉलेज ठरवू नका.

निकाल ‘डिफर्ड’ (निर्णय पुढे ढकलला) असा आला तर अर्ज नेहमीच्या फेरीत जातो आणि बंधन संपतं. मग दुसरीकडे अर्ली डिसिजन टू करता येतं. निबंध डिसेंबरआधीच तयार ठेवा, कारण नकार आला तर हातात जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. प्रवेश मिळून मदतही पुरेशी असेल तर ठरलेल्या मुदतीत डिपॉझिट भरा आणि बाकीचे सगळे अर्ज लेखी मागे घ्या. बारावीचा अभ्यास सोडू नका: शेवटची गुणपत्रिका कॉलेजकडे जाते आणि गुण फार घसरले तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो.