गॉर्टिनचं एक कलम स्वतः वाचायचं असेल तर

माझा धंदा दिवाणी वकिलीचा. तालुका कोर्टात 28 वर्षं वाटपाचे दावे चालवले. त्यातले कितीतरी एकाच जागी येऊन अडतात: बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली ती राजीखुशीनं, की भाऊबीजेच्या साडीवर? त्यामुळे ग्रीसमधल्या क्रीट बेटावर गॉर्टिन इथे एका भिंतीवर अडीच हजार वर्षांपूर्वीचा कायदा कोरलेला आहे आणि त्यात मुलीचा हिस्सा लिहिलेला आहे, हे कळल्यावर तो नुसता भाषांतरात वाचून माझं समाधान होईना. मूळ खरेदीखत न बघता मी कधी कुणाला सल्ला दिलेला नाही, मग इथे तरी का द्यावा? म्हणून ग्रीक शिकले. रोज रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास. पाच महिन्यांनी पहिलं कलम पूर्ण लागलं. ज्यांना शाळेत संस्कृत होतं आणि ज्यांचं ते अजून पुरतं वाहून गेलेलं नाही, त्यांना हा रस्ता वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे.

पहिला सल्ला हा की होमर किंवा प्लेटोपासून सुरुवात करू नका. माणूस चार ओळींत थकतो. कायद्याची भाषा घ्या. तिथे 'जर अमुक, तर तमुक' एवढा एकच साचा असतो, शब्द थोडे असतात आणि तेच तेच येतात.

भिंत कुठली, तेही सांगते. क्रीटच्या दक्षिणेला मेसारा नावाचं मैदान आहे, तिथलं गॉर्टिन हे जुनं नगर. कायदा इसवी सनापूर्वी 450 च्या सुमाराचा. पुढे रोमन काळात तेच दगड उचलून एका नाट्यगृहाच्या बांधकामात बसवले, म्हणून वाचले. 1857 मध्ये त्यातला एक तुकडा एका गिरणीच्या भिंतीत सापडला, तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. 1884 मध्ये फेदेरिको हाल्बहेर या इटालियन अभ्यासकाला गिरणीच्या पाटात बाकीची भिंत दिसली आणि एर्न्स्ट फाब्रिसिउस या जर्मन अभ्यासकानं ती उतरवून काढायला मदत केली. एकूण 12 स्तंभ, म्हणजे मजकुराचे उभे रकाने, आणि 600 च्या आसपास ओळी. मी क्रीटला गेलेले नाही. छायाचित्रांवर भागतं.

आता अक्षरं. नेहमीची 24 ग्रीक अक्षरं एका आठवड्यात येतात. उच्चाराची काळजी करू नका, उलट इथे आपण फायद्यात आहोत. जुन्या ग्रीकमध्ये फ, थ, ख हे खरेखुरे महाप्राण होते. इंग्रजी पुस्तकं त्यासाठी दोन-दोन पानं खर्च करतात, आपण 'फळ', 'थंडी', 'खडू' म्हणून मोकळे. फक्त 'फळ' म्हणताना ओठ मिटा. शहरात हल्ली तेवढंही होत नाही.

पण दगडावर गेलात की ही 24 अक्षरं दगा देतात. गॉर्टिनची लिपी स्वतःची. इंग्रजी एमसारखं दिसतं ते तिथे 'स' असतं आणि इंग्रजी एससारखं नागमोडी दिसतं ते 'इ'. खऱ्या 'म'ला एक पाय जास्त. मी पुठ्ठ्यावर मोठा तक्ता करून गॅसच्या ओट्यासमोर चिकटवला होता. घरात सगळ्यांना पाठ झाला.

आणि ओळी! या कायद्याच्या ओळी नांगराच्या तासासारख्या चालतात. एक ओळ उजवीकडून डावीकडे, तिच्या टोकाला वळून पुढची डावीकडून उजवीकडे. या पद्धतीचं ग्रीक नावच 'बूस्त्रोफेदोन', म्हणजे बैल वळतो तसं. त्यातला 'बूस' म्हणजे आपला 'गो'च. ओळ वळते तेव्हा अक्षरांची तोंडंही फिरतात. मी छायाचित्राची मोठी प्रत काढून आणली, यजमानांचा दाढीचा आरसा घेतला आणि एक ओळ सरळ, एक आरशात अशी वाचत गेले. कागदाच्या उजव्या कडेला आरसा उभा धरायचा, बोटानं ओळ धरून ठेवायची. महिन्याभरात आरसा लागेनासा होतो. स्तंभांचा क्रमही उजवीकडून डावीकडे आहे हे विसरू नका, नाहीतर शेवटच्या दुरुस्त्या आधी वाचाल.

छापील पाठही जवळ लागतो. क्रीटच्या शिलालेखांचा संग्रह मार्गेरिता ग्वार्दुच्ची यांनी केला, त्याच्या 1950 च्या चौथ्या खंडात हा 72 क्रमांकाचा लेख. पॅकार्ड संस्थेच्या ग्रीक शिलालेखांच्या संकेतस्थळावर याच क्रमांकानं शोधा. त्यात चौकटी कंस दिसतील. कंसातलं अक्षर दगडावर नाही, संपादकानं भरलेलं आहे. खाली टिंब असेल तर ते अक्षर अर्धवट दिसतं. वहीत उतरवताना कंस गाळू नका. नक्कल करताना मूळ दस्तातली खाडाखोड गाळणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणतो, ते आठवा.

मी निवडलेलं कलम दुसऱ्या स्तंभाच्या शेवटाकडचं, फारकतीचं. देवनागरीत त्याची सुरुवात साधारण अशी: 'आइ क अनेर काइ गुना दिआक्रिनोन्ताइ, ता वा औतास एकेन'.

सावकाश घ्या. 'आइ क' म्हणजे 'जर'. 'अनेर' म्हणजे पुरुष, आपल्या 'नर'चा भाऊ. 'गुना' म्हणजे स्त्री. (माझ्या ज्युनिअरनं वहीत बघून विचारलं, "मॅडम, कुठला गुन्हा?") वेदात देवांच्या बायकांना 'ग्ना' म्हणतात, तेच हे. 'दिआक्रिनोन्ताइ' म्हणजे 'वेगळे होतील'. शेवटचं 'न्ताइ' बघा आणि 'लभन्ते', 'वर्तन्ते' आठवा. ते आत्मनेपद आहे. इंग्रजी व्याकरणं ग्रीकचं आत्मनेपद समजावताना घाम गाळतात, आपण ते दहावीतच रट्टा मारून पार केलेलं असतं.

'ता वा औतास' हे मला सगळ्यात आवडतं. 'तिचं स्वतःचं'. यातला 'वा' हा संस्कृत 'स्व'. ग्रीकमध्ये सुरुवातीचा स गळाला, 'व' तेवढा उरला. अथेन्सच्या लेखनात ते 'व'चं अक्षरही गेलेलं होतं, गॉर्टिनकरांनी ठेवलं. स्त्रीधनाचा 'स्व' दगडावर कोरलेला बघून मी चष्मा काढून ठेवला होता.

मग 'एकेन'. कोशात शोधलंत तर सापडणार नाही. गॉर्टिनच्या लिपीत 'ख' आणि 'फ' ही अक्षरंच नाहीत. 'ख'च्या जागी 'क' लिहितात, 'फ'च्या जागी 'प'. म्हणजे हे 'एखेन', बाळगणं, जवळ असणं. आणि हे धातूचं साधं '-णे' रूप आहे, पण अर्थ आज्ञेचा. व्याकरणाच्या पुस्तकात याला स्वतंत्र प्रकरण असतं. मराठी माणसाला मात्र एक सरकारी परिपत्रक पुरे: 'अर्ज विहित नमुन्यात सादर करणे.' तसंच हे, 'तिचे स्वतःचे तिने घेणे.' मी सगळा कायदा याच 'करणे-देणे-नेणे'च्या मराठीत उतरवला. एकदाही अडलं नाही.

पुढे कलम म्हणतं: नवऱ्याकडे येताना जे आणलं ते तिचं, तिच्या मालमत्तेतून आलेल्या उत्पन्नातलं निम्मं तिचं, घरात तिनं जे विणलं त्यातलं निम्मं तिचं, आणि फारकतीला नवरा कारण असेल तर वर पाच स्तातेर (स्तातेर हे तिथलं नाणं). नवरा 'मी कारण नाही' म्हणाला, तर न्यायाधीशानं शपथ घेऊन निर्णय करायचा. शपथ न्यायाधीशाची, पक्षकाराची नव्हे. आमच्या बाररूममध्ये हे सांगितलं तेव्हा बराच वेळ हशा चालला होता.

त्यानंतरच्या वाक्यात मी दोन रात्री अडकले. 'आइ दे ति अल्लो पेरोइ तो अन्द्रोस', म्हणजे 'आणि नवऱ्याचं दुसरं काही तिनं पेरोइ तर'. पेरोइ? पेरलं? शेतीचं कलम मध्येच कुठून आलं? कोशात 'पेर' पासून जे मिळालं त्यातलं काही जुळेना. तिसऱ्या रात्री भांडी विसळताना डोक्यात आलं: 'फ' नाही, म्हणून 'प'. 'पेरोइ' म्हणजे 'फेरोइ'. आणि 'फेरोइ' म्हणजे अक्षरशः 'भरेत्', भृ धातूचा विधिलिङ्. 'तिनं वाहून नेलं तर.' नवऱ्याचं नेलं तर पाच स्तातेर दंड, आणि वस्तू परत. गॉर्टिनचा शब्द कोशात मिळेना की आधी 'प'चा 'फ', 'क'चा 'ख' करून बघा. निम्म्या अडचणी तिथेच मिटतात. कोश लिडेल-स्कॉट-जोन्सचा घ्या, पर्सियसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. फोनमधल्या भाषांतराच्या सोयीवर मात्र हे टाकू नका, ती आजच्या ग्रीकसाठी आहे.

संस्कृतच्या जोरावर धावताना मी एकदा चांगली आपटले, तेही सांगायला हवं. हा कायदा 'थिओइ' या शब्दानं सुरू होतो. अर्थ 'देवहो', आपल्याकडच्या 'श्री'सारखा. गावच्या वाचनालयातल्या व्याख्यानात मी ठोकून दिलं की थेओस आणि देव एकच. मागच्या रांगेतून एक निवृत्त संस्कृत शिक्षक उठले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, नाही." खरंच नाही. 'देव'चं नातं 'झेउस'शी आहे, द्यौः आणि दिवः बघा. 'थेओस' वेगळ्या मुळाचा. आवाज सारखा म्हणून वारसदार ठरत नाही, हे मी रोज कोर्टात सांगते आणि तिथे विसरले. म्हणून नियम असा: ध्वनीची तीच अदलाबदल आणखी तीन-चार शब्दांत दाखवता आली तरच नातं लिहायचं.

अर्थाच्या बाबतीतही अशीच घाई होते. वाटणीत मुलाला दोन भाग आणि मुलीला एक, हे वाचून लोक लगेच खूश होतात. महाराष्ट्रात मुलींना समान हिस्सा 1994 च्या दुरुस्तीनं मिळाला आणि देशभर 2005 मध्ये, त्यामुळे एक भाग हीसुद्धा मोठी गोष्ट वाटते. पण नगरातलं घर मुलांनाच जातं, ती ओळही वाचा. भाऊ नसलेल्या मुलीचं काय होतं तेही बघा: तिनं चुलत्याशी लग्न करायचं, म्हणजे मालमत्ता घरातच. आणि त्याच दुसऱ्या स्तंभाची सुरुवात वाचा. स्वतंत्र माणसावर बलात्कार केला तर दंड 100 स्तातेर. घरच्या दासीवर, ती आधी कुणी भोगलेली असेल तर, दिवसा एक ओबोल, रात्री दोन (ओबोल हे स्तातेरपेक्षा बरंच लहान नाणं). त्याखालीच लिहिलंय की शपथेत दासीचं म्हणणं वरचढ धरावं. या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवून मी अजून बसलेली आहे. स्तातेरचे रुपये करायच्या भानगडीत पडू नका, दंडांची आपसातली तुलना पुरेशी बोलते.

फारकतीचं कलम लागलं की पुढचं विधवेचं घ्या, तिसऱ्या स्तंभातलं. त्यात 'अनेर', 'गुना', 'ता वा औतास' हे शब्द ओळखीचे होऊन भेटतील. नवरा मुलं मागे ठेवून गेला, तर तिच्या मनात असेल तर तिनं स्वतःचं घेऊन पुन्हा लग्न करावं. नवऱ्यानं दिलेलंही तिला नेता येतं, मात्र ते तीन साक्षीदारांसमोर दिलेलं हवं. हे साक्षीदार 'द्रोमेउस' असावेत असं म्हटलंय. शब्दशः अर्थ 'धावणारे'. क्रीटमध्ये मुलगा वयात आला की त्याला सार्वजनिक धावपट्टीवर प्रवेश मिळे, म्हणून सज्ञान पुरुष म्हणजे धावणारा. आमच्याकडे साक्षीदाराचं वय आधार कार्डावर बघतात.