गायक मधोमध का उभा राहत नाही? स्पीकर मांडताना या चुका टाळा

नवे स्पीकर आणले, ॲम्प (स्पीकरला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर) बदलला, अंगठ्याएवढी जाड वायर घातली, आणि तरी तक्रार तीच: "आवाज नुसता दोन डब्यांतून आल्यासारखा वाटतो." मी उलट विचारतो, मोजलंत का? उत्तर ठरलेलं: "अंदाजाने सारखंच आहे." हा अंदाज जवळपास दर वेळी वीतभर चुकलेला असतो.

काहीही हलवायच्या आधी एक करा. एकट्या माणसाचा आवाज असलेलं मोनो रेकॉर्डिंग (दोन्ही स्पीकरांना एकच आवाज देणारं) लावा, किंवा ॲम्पवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. डोळे मिटून बसा. दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज, त्याच क्षणी, तितक्याच जोराने कानाशी पोचला, तर बोलणारा माणूस दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत, एका ठिकाणी दिसायला हवा. दिसला नाही, तर स्टिरिओबद्दल, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरांना वेगवेगळा आवाज देण्याबद्दल, बोलण्यात अर्थ नाही. आधी हा माणूस उभा करायचा, बाकीचं नंतर.

एका स्पीकरची वायर उलटी

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि चांगले दोन महिने केली आहे. कपाट हलवल्यामुळे डावा स्पीकर लांब गेला आणि वायर आखूड पडली. घरात पडलेला एक तुकडा जोडून टाकला. मूळ वायरला एका बाजूने लाल रेघ होती. तुकड्याला रेघ नव्हती, एका कडेवर फक्त बारीक कंगोरा होता. कपाटामागे आडवं पडून, दातात टॉर्च धरून मी जोड मारला, वर टेप गुंडाळली आणि विसरून गेलो.

त्या दिवसापासून गायक मधोमध यायचा बंद झाला. आवाज कानांच्या दोन्ही बाजूंना लोंबकळल्यासारखा. डोकं जरा हललं की तोही सरकायचा. डग्ग्याची घुमक तर गेलीच. मी काय केलं? जाड पडदे लावले. सोफा पुढे घेतला, मागे घेतला. स्पीकर आत वळवले, बाहेर वळवले. येईल त्याला "खोलीच वाईट आहे" असं ठामपणे सांगितलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! वायर तपासली होती हो, पण डोळ्यांनी: ॲम्पकडे लाल ते लाल, स्पीकरकडे लाल ते लाल. मधल्या जोडाची आठवणसुद्धा झाली नाही.

मग एक दिवस बहीण कपाटामागे काही शोधत असताना तिच्या हाताने डाव्या स्पीकरचा प्लग निघाला. ती म्हणाली, "दादा, आवाज मोठा केलास का रे? बेस वाढला." एक स्पीकर बंद पडल्यावर बेस वाढतो, याचा अर्थ इतके दिवस एका स्पीकरचा आवाज काढणारा हलता पडदा बाहेर येत होता तेव्हा दुसऱ्याचा आत जात होता आणि दोघं मिळून बेस खाऊन टाकत होते. जोड उघडला, अदलाबदल केली, आणि गायक परत आला. खोलीतले जाड पडदे मात्र अजून आहेत, काढायचा कंटाळा.

तेव्हापासून मी रंगांवर विश्वास ठेवत नाही. दोन्ही स्पीकर समोरासमोर, तोंडाला तोंड, वीतभर अंतरावर ठेवतो आणि मोनोवर बेस असलेलं काहीतरी लावतो. मग ॲम्प बंद करून (चालू ॲम्पवर वायरी उपसू नका, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर ॲम्प जायचा) एकाच स्पीकरच्या वायरी उलटवतो आणि पुन्हा ऐकतो. ज्या जोडणीत आवाज भरलेला लागतो ती बरोबर. पातळ, पोकळ लागते ती चूक. ॲम्पपासून वायर सोडवून तिच्या त्या टोकाला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला तरी कळतं: लालकडे प्लस लावल्यावर दोन्ही वूफर (बेस काढणारे मोठे पडदे) एकाच दिशेने हलले पाहिजेत. वायरसकट तपासायचं, म्हणजे माझ्यासारखा जोड मधे लपून राहत नाही.

भिंतीपासून मोजणं

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक. लोक टेप घेतात, मागच्या भिंतीपासून दोन्ही स्पीकरचं अंतर अगदी काटेकोर सारखं करतात, आणि स्वतः सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसतात. ऐकणार भिंत आहे का? अंतर कानापासून सारखं हवं.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद, १० सेंटिमीटरला ०.३ मिलिसेकंद. हे क्षुल्लक वाटतं, पण कान यावरच दिशा ठरवतो. एवढ्या फरकानेही गायक जवळच्या स्पीकरकडे सरकतो, आणि फरक मिलिसेकंदाच्या आसपास गेला की जवळपास त्या स्पीकरात जाऊनच बसतो. मग काही हुशार मंडळी बॅलन्सचं (डाव्या-उजव्याचा जोर कमीजास्त करणारं) बटण फिरवून त्याला मधे ओढतात. ओढला जातो थोडा, पण धूसर होऊन, कारण उशीर तसाच राहतो. ते बटण मधोमध ठेवा आणि विसरा. आणि हो, सर्दीने एक कान बंद असेल त्या दिवशी काहीच ठरवू नका.

मी टेपसुद्धा वापरत नाही, न ताणणारा दोरा वापरतो. एक टोक खुर्चीच्या पाठीला, डोकं येतं त्या उंचीवर बांधायचं, दुसरं डाव्या ट्वीटरपर्यंत (वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर) न्यायचं, तिथे गाठ मारायची. मग तीच गाठ उजव्या ट्वीटरला टेकेपर्यंत तो स्पीकर सरकवायचा. दोन स्पीकरांमधलं अंतरही साधारण तेवढंच ठेवून सुरुवात करा, तिन्ही बाजू सारख्या. फार लांब ठेवले की मधे भोक पडतं, फार जवळ आले की सगळी मैफल एका खुर्चीवर गर्दी करते.

ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. आणि उभे ठेवून ऐकायचे म्हणून बनवलेले स्पीकर फळीवर मावत नाहीत म्हणून आडवे झोपवू नका.

स्पीकर आत वळवण्याबाबत माझी सवय अशी: आधी दोन्ही थेट खुर्चीकडे रोखायचे, मग थोडे थोडे बाहेर वळवत जायचं. गायकाचं तोंड रुंद व्हायला लागलं की थोडे परत आत. कोन मोजायची गरज मला कधी पडली नाही.

भिंती

स्पीकरच्या पुढच्या तोंडापासून मागची भिंत ८५ सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवर आपटून परतलेला आवाज १.७ मीटर जास्त फिरून येतो. १०० हर्ट्‌झची लहर ३.४ मीटरची, म्हणजे तो बरोबर अर्धी लहर उशिरा पोचतो आणि त्या सुराला मारतो. इक्वलायझरने (ठरावीक सूर कमीजास्त करणाऱ्या बटणांनी) तो खड्डा भरत नाही, कारण आवाज वाढवला की परतणाराही वाढतो. स्पीकर वीतभर पुढे-मागे करा, आणि मागच्या व बाजूच्या भिंतीचं अंतर एकच ठेवू नका. खुर्चीचंही तेच. ४.२५ मीटर लांबीच्या खोलीत बरोबर मध्यावर बसलात तर ४० हर्ट्‌झच्या आसपास बेस गायब, आणि डोकं मागच्या भिंतीला टेकलं तर त्याच बेसचा ढीग.

बाजूच्या भिंतीसाठी आरसा पुरतो. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याने भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. जिथे ट्वीटर दिसेल तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा. पातळ फोम भिंतभर चिकटवणाऱ्यांना मी अडवायचं सोडून दिलं आहे. तो फक्त वरचे सूर खातो. खोली मुकी होते आणि बेस तसाच घोंगावत राहतो. समोरचं काचेचं टेबल हटवलंत तर त्याहून जास्त फायदा होईल.

एका संध्याकाळी स्पीकर, खुर्ची आणि गालिचा तिन्ही हलवून "काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एका वेळी एकच गोष्ट, आणि दोन दिवस ऐकायचं. हे सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "मग वायर कुठली घेऊ?"

शेवटी, १९६० च्या दशकातल्या काही स्टिरिओ रेकॉर्डिंगांत गायक आख्खा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. तिथे स्पीकरला हात लावू नका, ते तसंच मिसळलेलं आहे. मोनोत माणूस मधोमध दिसतोय ना? मग स्पीकरच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करून ठेवा. खडूने नको, पहिल्याच लादी पुसण्यात जातो.