दिवाळीच्या किल्ल्यापुढे सामूगढची लढाई कशी मांडाल

किल्ला झाला की पुढच्या मोकळ्या जागेत यंदा सामूगढ मांडा. शाहजहान १६५७ मध्ये आजारी पडला, चौघा मुलांत तख्तासाठी जुंपली आणि खरा निकाल लागला तो २९ मे १६५८ रोजी, आग्र्याच्या पूर्वेला यमुनेजवळच्या या मैदानात. औरंगजेब जिंकला, त्याचा थोरला भाऊ दारा हरला. दोनच वर्षांत त्याचा मामा शायिस्ताखान पुण्यात येऊन लाल महालात बसला. आमची कसब्यातली पोरं त्या महालापासून हाकेच्या अंतरावर राहतात, म्हणून मी त्यांना ही लढाई आवर्जून शिकवते.

जमिनीसाठी प्लायवूडवर चाळलेली माती पसरा, कोरडीच. अळीव पेरू नका. ऐन उन्हाळा होता. आदल्या दिवशी दाराने सैन्य तासन्‌तास उन्हात उभं ठेवलं आणि हल्ला केलाच नाही. हिरवळीवर ती तलखी दिसणार नाही.

दाराच्या तोफा आघाडीला, एका ओळीत. संपलेल्या रिफिलचे तुकडे आणि चाकांना शर्टाची बटणं पुरतात. तोफा साखळीने एकमेकींना जखडलेल्या होत्या, तेव्हा रविवार पेठेतून नकली दागिन्यांची बारीक साखळी आणून प्रत्येक तोफेला वेढा द्या. ही साखळी टाळू नका, सगळी लढाई तिच्याभोवती फिरते. दोन-तीन जाड तोफा प्लायवूडच्या बाहेर ठेवा: औरंगजेब चंबळेच्या पहारा नसलेल्या उतारावरून पलीकडे आला, तेव्हा दारा घाईने मागे फिरला आणि अवजड तोफा तिकडेच राहिल्या.

दाराच्या डावीकडे रुस्तमखान, उजवीकडे खलीलुल्लाखान, पुढे बुंदीचा छत्रसाल हाडा आणि राजपूत. समोर औरंगजेब मध्यभागी हत्तीवर, त्याच्या डाव्या बगलेला मुराद. घोडेस्वार आणि हत्ती कुंभारवाड्यात मिळतात. त्यांना गोंद लावू नका, सगळे हलले पाहिजेत.

आता चाली. दाराच्या तोफा लांबूनच धडाडतात, औरंगजेबाच्या गप्प असतात. धूर म्हणून कापूस पिंजून ठेवा. रुस्तमखान तुटून पडतो आणि मारला जातो. राजपूत मुरादवर चालून जातात, त्याच्या तोंडावर बाण लागतात. रूपसिंह राठोड घोड्यावरून उतरून थेट औरंगजेबाच्या हत्तीपर्यंत पोचतो, अंबारीचे पट्टे तोडू पाहतो आणि तिथेच पडतो. हे चित्र हत्तीच्या पायाशी नीट, जवळून दिसेल असं मांडा.

मग दाराचा हत्ती साखळीच्या पुढे सरकवा. माझ्या मते लढाई इथेच गेली, कारण आता त्याच्याच तोफांना त्याच्यामुळे मारा करता येईना. बहुतेक लोक फक्त पुढचा प्रसंग सांगतात: दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, रिकामी अंबारी पाहून सैन्याला तो मेला असं वाटलं आणि पळापळ झाली. तो प्रसंग दाखवायचाच, म्हणून दाराची मूर्ती अंबारीतून सहज उचलता येईल अशी बसवा. खलीलुल्लाखानाने फितुरीने त्याला उतरायला लावलं, असं त्या काळच्या युरोपियनांनी लिहून ठेवलंय. पाटीवर ते ‘असं म्हणतात’ म्हणूनच लिहा.

उपनिषदं फारसीत नेणारा दारा मुलांना आवडतो, मलाही. तरी औरंगजेबाचं सैन्य लहान किंवा ओबडधोबड करू नका. त्याने शिस्त राखली, ती त्याच्या सरळ रांगांत दिसू दे.

रात्री सगळ्यावर प्लॅस्टिक टाका. दिवाळीत पुण्यात कधीकधी पाऊस येतो आणि बटणांची चाकं चिखलात सापडत नाहीत.