सूर्याचा आकार मोजताय? या चुका टाळा

सूर्य पूर्ण गोल नाही. स्वतःभोवती फिरत असल्याने तो विषुववृत्तापाशी किंचित फुगलेला आहे. पण सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर व्यासात ही फुगवटी जेमतेम १० किलोमीटरची! तेव्हा गच्चीवरच्या मोजणीत बिंब लंबगोल आलं, तर आधी आपली मांडणी तपासा.

सगळ्यात जास्त घोळ पडद्यामुळे होतो. बारीक छिद्राचा कागद लावलेल्या आरशाने १० मीटरवरच्या भिंतीवर सुमारे ९ सेंटिमीटरचं बिंब पडतं. भिंत किरणांना नुसती १० अंश तिरकी असली, तरी ते एका दिशेने जवळपास दीड मिलिमीटर ताणलं जातं. सूर्याची खरी फुगवटी त्या बिंबावर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकीही भरत नाही. भिंतीवर विसंबू नका, पुठ्ठा हातात धरून किरणांशी काटकोनात आणा.

मावळतीचं बिंब मोजायला घेऊ नका. क्षितिजाजवळची हवा खालची कड जास्त उचलते आणि उभा व्यास सुमारे सहाव्या हिश्शाने आखूड दिसतो. सूर्य ३० अंश वर असतानाही दोनेक विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक राहतोच. भर दुपारी मोजा.

फोटोतून मोजत असाल, तर बिंब पांढरंफटक होऊ देऊ नका, कड पसरते. सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावरच हवा, डोळ्याकडे नव्हे. इथे हयगय केली तर दृष्टी जाते.

एवढं करूनही लंबगोल येतोय? कॅमेरा ९० अंशांत फिरवून पुन्हा फोटो घ्या. फोटोच्या चौकटीत लंबगोल होता तसाच राहिला, तर दोष कॅमेऱ्याचा. चौकटीत ९० अंशांनी वळला, म्हणजे क्षितिजाच्या हिशेबाने जागचा हलला नाही, तर बहुधा हवेचा. मला ही सगळ्यात मोलाची युक्ती वाटते, कारण नासाची सौर वेधशाळा, एसडीओ, अवकाशात नेमकं हेच करते: अख्खं यान स्वतःभोवती फिरवून दुर्बिणीचा दोष वेगळा काढते. २०१२ मध्ये जाहीर झालेलं १० किलोमीटरचं माप असंच मिळालं.

मोठ्यांचीही गफलत होते. १९६७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट डिकी आणि मार्क गोल्डनबर्ग यांना फुगवटी याच्या पाचपटीहून जास्त आढळली. ती खरी असती, तर बुधाच्या कक्षेचं आइन्स्टाइनचं गणितच अडचणीत आलं असतं. पुढे सौरडागांच्या आसपास दिसणाऱ्या, कडेजवळच्या तेजस्वी पट्ट्यांकडे बोट दाखवलं गेलं. त्यांच्यामुळे कड बाहेर सरकल्यासारखी वाटते. म्हणून सौरडाग भरपूर असलेल्या दिवसाचं माप वेगळं नोंदवा.