डिझेल पिकअपला ऑइल प्रेशर गेज लावताय? या चुका टाळा

दिवे घाट उतरून गाडी वडकीला लागली, तेव्हा माझ्या चुलतभावाला ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर पडलेला दिसला. दिसला, तरी त्याने गाडी तशीच पुढे काढली. मागे सीताफळाचे क्रेट होते आणि उजाडायच्या आत पुण्याचं मार्केट यार्ड गाठायचं होतं. हडपसरच्या अलीकडे इंजिन खडखडायला लागलं आणि मग जागेवरच बसलं. फोनवर मला म्हणाला, "दादा, काटा पडला होता, पण तो तर रोजच पडतो. मला वाटलं वायर हलली असेल."

चूक त्याची नव्हती. ते गेज मी लावलं होतं आणि एका दुपारच्या कामात तीन चुका केल्या होत्या. जड सेंडर, म्हणजे प्रेशर मोजून गेजला कळवणारा भाग, पितळी टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) थेट इंजिनच्या ब्लॉकला टांगला होता. जागा पुरत नाही म्हणून लाल दिव्याचा मूळ स्विच काढून ठेवला होता. आणि गेजची अर्थिंग अशा ठिकाणी घेतली होती की हेडलाइट लावला की काटा नाचायचा. त्या पहाटे टीचं निपल (जोडणीची आखूड नळी) तुटलं, ऑइल रस्त्यावर गेलं, दिवा लागायला स्विचच नव्हता आणि काट्यावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. क्रँक ग्राइंडिंगला गेला, बेअरिंगं अंडरसाइज (घासलेल्या क्रँकच्या मापाची) बसवावी लागली.

तरीही गेज लावू नका, असं मी म्हणणार नाही. आज माझ्या दोन्ही गाड्यांना गेज आहे. कारण कंपनीचा लाल दिवा फार उशिरा बोलतो. दाब साधारण ०.३ ते ०.६ बारवर उतरला की मगच त्याचा स्विच दिवा लावतो, म्हणजे ४ ते ९ पीएसआय (बार आणि पीएसआय ही दाबाची मापं). एरवी तीन-साडेतीन बारवर चालणाऱ्या इंजिनाचं प्रेशर दीड बारवर आलं, तरी दिवा गप्पच राहतो. बेअरिंग झिजतंय, ऑइल पातळ झालंय, पंप दमलाय, हे सगळं त्या मधल्या टप्प्यात घडतं. तो टप्पा फक्त काटा दाखवतो.

आटे नजरेने ओळखायला जाऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून यावर जरा थांबतो.

गेजचं कनेक्शन बहुतेक वेळा मूळ स्विचच्या जागी घेतात. हा स्विच ब्लॉकवर किंवा ऑइल फिल्टरच्या हाउसिंगवर असतो आणि त्याला मेन गॅलरीचं, म्हणजे इंजिनभर ऑइल नेणाऱ्या मुख्य वाटेचं, ऑइल मिळतं. त्याचे आटे कुठले हे गाडीगणिक बदलतं. बाजारात तीन प्रकार सर्रास मिळतात: एका सुताचं बीएसपी, एका सुताचं एनपीटी आणि एम १० बाय १. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण हे नाव जुन्या पाइपच्या भोकावरून आलेलं. बाहेरून मोजलं तर तिन्ही १० मिलिमीटरच्या आसपासच भरतात. हातात घेतले तर भावंडं वाटतात.

फरक आट्यांत आहे. बीएसपीला इंचाला २८ आटे, एनपीटीला २७, आणि एम १० बाय १ ला एका मिलिमीटरला एक, म्हणजे इंचाला पंचवीसच्या थोडे वर. शिवाय बीएसपीचा कोन ५५ अंशांचा, बाकी दोघांचा ६०. त्यामुळे चुकीचं फिटिंगही पहिले दोन-तीन फेरे गुमान हाताने बसतं. मग घट्ट होतं, आणि आपल्याला वाटतं, टेपर (टोकाला निमुळतं) आहे, बसतंय छान. पाना लावून अर्धा फेरा दिला की एक तर आटे जातात, नाही तर ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला केसासारखी चीर पडते. ती चीर इंजिन बंद असताना गळत नाही. इंजिन सुरू होऊन प्रेशर आलं की तिथून ऑइल झिरपायला लागतं.

म्हणून मूळ स्विच काढा आणि तोच घेऊन दुकानात जा. नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत. जुन्या दुकानदाराकडे आटे मोजायची पट्टी असते. ती आट्यांवर धरून उजेडाकडे पाहायचं. मधून उजेड दिसला तर ते माप नव्हे. हवं ते अडॅप्टर तयार मिळालं नाही, तर भोसरी एमआयडीसीत लेथवाल्याकडून करून घ्या. नमुन्याला स्विच आणि सेंडर दोन्ही द्या आणि पितळेऐवजी स्टीलचं करा म्हणून सांगा.

टेफ्लॉन टेपचंही इथेच सांगतो. टेपरच्या आट्यांना टेप चालते, पण टोकाचे दोन आटे मोकळे सोडा. टोकापर्यंत गुंडाळलेली टेप आत कातरली जाते आणि तिचा तुकडा गॅलरीत जातो. टर्बोला ऑइल नेणारी वाट किती बारीक असते, ते एकदा बॅन्जो बोल्ट (ज्याच्या पोटातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) हातात घेऊन बघा. मी आता टेप सोडून आटे सील करायचं द्रव वापरतो. सरळ आट्यांचं, खाली तांब्याचा वॉशर असलेलं फिटिंग असेल तर त्याला टेप लागतच नाही. तिथे गळती वॉशर थांबवतो.

सेंडर ब्लॉकवर टांगू नका

इलेक्ट्रिक गेजचा सेंडर म्हणजे मोठ्या बाटलीच्या झाकणाएवढा, हाताला जड लागणारा डबा. त्याचा सगळा भार त्या एका सुताच्या निपलवर येतो. पेट्रोल गाडीत हे एक वेळ निभावतं. डिझेल आयडलिंगला कशी थरथरते, ते आपण रोज पाहतो. टी, तिच्यावर अडॅप्टर, त्यावर सेंडर, असा मनोरा उभा राहिला की पितळ आट्यांच्या मुळाशी थकतं आणि एक दिवस कडकन तुटतं. आमचं तुटलेलं निपल मी जपून ठेवलंय. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळा पडलाय, उरलेला पिवळा लख्ख. काळा भाग म्हणजे जुनी चीर, त्यात ऑइल मुरत होतं. वरून ओल दिसायची आणि मी फडक्याने पुसून सोडून द्यायचो.

बरोबर पद्धत अशी: ब्लॉकवर फक्त लहान अडॅप्टर आणि त्यातून स्टीलची जाळी असलेला लवचीक होज. होजचं दुसरं टोक फेंडरच्या आतल्या पत्र्यावर किंवा चॅसिसला पक्क्या ब्रॅकेटवर, आणि टी, सेंडर, लाल दिव्याचा स्विच सगळं तिथे. हायड्रॉलिक होज बनवणारे भोसरी-पिंपरीत भरपूर आहेत, हव्या त्या लांबीचा करून देतात. होजचं रेटिंग आणि उष्णता सोसायची क्षमता विचारून घ्या. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड आणि टर्बो यांपासून तो लांब ठेवा.

मूळ स्विच मात्र कायमचा काढून टाकू नका, माप घेऊन झालं की परत लावा. काटा बघायला नजर वळवावी लागते, लाल दिवा स्वतःहून डोळ्यांत भरतो.

ट्रॅक्टरचं मेकॅनिकल गेज पिकअपला?

स्वस्त आहे, अचूक आहे, वायरिंगचा त्रास नाही. पण त्याच्या बारीक नळीतून इंजिनचं गरम ऑइल थेट केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या गुडघ्यांपाशी येतं. नायलॉनची नळी मॅनिफोल्डजवळून गेली तर मऊ पडते. तांब्याची थरथरून कडक होते आणि फेरूलपाशी (जोडाच्या कड्यापाशी) चिरते. लावायचंच असेल तर नळीला इंजिनजवळ दोन-तीन वेटोळे द्या, पत्र्यातून नेताना रबरी ग्रोमेट घाला. माझं मत विचाराल तर कायमसाठी इलेक्ट्रिक, आणि तपासणीसाठी एक मेकॅनिकल गेज गॅरेजात ठेवावं.

गेज एकाचं, सेंडर दुसऱ्याचा

सेंडर म्हणजे प्रेशरबरोबर बदलणारा रेझिस्टन्स. युरोपीय पद्धतीचे सेंडर शून्याला १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला साधारण १८० दाखवतात. अमेरिकन पद्धतीचे उलटे: शून्याला २४०, पूर्णला ३३. जोडी चुकली तर काटा हलतो, पण आकडा खोटा असतो. त्यातही ५ बारचा सेंडर आणि १० बारचं गेज असं जमवलं तर सगळं दुप्पट दिसतं, आणि मरायला टेकलेलं इंजिन धडधाकट वाटतं. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच रेंजचे घ्या. १० बारचं घेतलेलं बरं, कारण थंडीत पहाटे सुरू केल्यावर प्रेशर ५ बारच्या वर सहज जातं.

आता अर्थिंग. एका टर्मिनलच्या सेंडरला अर्थ त्याच्या बॉडीतूनच मिळते. तो ब्रॅकेटवर लांब नेला किंवा टेप जास्त गुंडाळली की अर्थ कच्ची होते. बॉडीला वेगळी वायर काढून इंजिनला जोडा. गेजची अर्थ स्वतंत्र घ्या, हेडलाइटच्या गुच्छात घुसवू नका. हेडलाइट, वायपर, ब्लोअर एकेक लावून बघा. काटा हलला तर काम अपुरं आहे. आमच्या गाडीत हाच दोष होता, आणि पहाटेच्या प्रत्येक फेरीत हेडलाइट लागलेला असायचा. सप्लाय इग्निशनवरून आणि मध्ये फ्यूज, हे वेगळं सांगायला नको.

नवी बीएस-६ गाडी असेल तर आधी मूळ कनेक्टर बघा. एकच वायर असेल तर तो बहुधा साधा स्विच असतो. तीन असतील तर तो ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, सेन्सर आहे. त्याची वायर कापू नका, त्या सिग्नलवर दुसरं गेज लादू नका.

आकडा वाचताना होणारी गफलत

थंड इंजिनाला ५ बार आणि तासाभराने आयडलिंगला सव्वा बार, हे बघून लोक घाबरतात आणि जाडं ऑइल ओततात. पंप ऑइल ढकलतो आणि बेअरिंगांच्या फटी त्याला अडवतात, त्यातून प्रेशर तयार होतं. ऑइल गरम होऊन पातळ झालं की अडवणूक कमी होते. ठोकताळा असा की गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे निदान १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार असावं. अंतिम शब्द तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. जाड ऑइलने काटा वर जातो, पण थंडपणी टर्बोपर्यंत ऑइल पोचायला उशीर होतो.

पहिले पंधरा दिवस वही ठेवा. मी तीन नोंदी घेतो: पहाटे सुरू केल्यावर, मार्केट यार्डात आयडलिंगला, आणि परतताना दिवे घाट चढून वर आल्यावर. घाटाच्या माथ्यावर ऑइल सगळ्यात गरम असतं, म्हणून तीच नोंद खरी. आठवड्यागणिक तिथला आकडा खाली येतोय आणि ऑइल मोजायच्या पट्टीवर (डिपस्टिकवर) पातळी वाढतेय, असं दिसलं तर ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय. इंजेक्टर गळतोय, किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीचं रिजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळायचं काम, सारखं अर्धवट राहतंय. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नका.

काटा विचित्र वागला तर

आधी इंजिन बंद करून पट्टी बघा, मग खाली वाकून गळती बघा. दोन्ही ठीक असेल तरच वायरकडे वळा. इंजिन बंद, चावी ऑन, सेंडरची वायर काढा. युरोपीय जोडीत काटा पूर्ण वर जायला हवा, वायर बॉडीला टेकवली की शून्यावर यायला हवा. अमेरिकन जोडीत याच्या उलट. असं झालं तर गेज आणि वायर ठणठणीत आहे, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. काहीच हललं नाही तर गेजचा सप्लाय तपासा.

चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावरच काटा झुकत असेल, तर वायरच्या मागे लागू नका. इंजिनखालच्या चेंबरमध्ये ऑइल कमी आहे आणि पंपाची जाळी (स्ट्रेनर) हवा ओढतेय. आणि काटा खरोखर कमी दाखवतोय असं वाटलं, तर इंजिन उघडायचा निर्णय घेण्याआधी मेकॅनिकल गेज लावून खात्री करा.

आता दोन्ही गाड्यांत गेजखाली मी पांढरी पट्टी चिकटवलीय. तिच्यावर त्या त्या गाडीचे घाटमाथ्याचे आणि आयडलिंगचे आकडे आहेत, आणि खाली लिहिलंय: "याच्या खाली गेला तर बाजूला घे, बंद कर, फोन कर." चुलतभावाला मी सांगितलंय की माल सडला तरी चालेल. गेल्या पावसाळ्यात त्याने खरंच सासवड रस्त्यावर गाडी थांबवून फोन केला. होजच्या टोकाचा वॉशर दबला होता, थेंब थेंब गळत होतं. पातळी पट्टीवरच्या खालच्या खुणेला आली होती. नवा वॉशर, दीड लिटर ऑइल, आणि तो तासाभरात मार्केट यार्डात होता.