शिक्षकांना पैशाच्या तासासाठी कसं तयार करावं

"मुलांना आर्थिक साक्षरता शिकवा" म्हटलं की शिक्षक विचारतात, हे आणखी एक काम कुठं बसवायचं? ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं उरकणाऱ्या माणसाचा हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून मुख्याध्यापकांनी परिपत्रक काढून सुरुवात करू नये.

आधी शिक्षकांच्याच पगारपत्रकापासून सुरुवात करा. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांच्या, म्हणजे जुनी पेन्शन योजना लागू नसलेल्यांच्या, पेन्शनचा विषय मधल्या सुट्टीत निघतोच. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास बसा. कपात किती, कशाची, गृहकर्जाच्या हप्त्यात व्याज किती अन् मुद्दल किती, हे ज्याने त्याने आपापल्या कागदावर काढावं. स्वतःच्या हप्त्यातलं व्याज पहिल्यांदा पाहिलेला शिक्षक हा विषय वर्गात आपणहून नेतो.

मग पुस्तकं उघडा. सातवीत बँक व सरळव्याज, आठवीत चक्रवाढ व्याज, नववी-दहावीत अर्थनियोजन, दहावीत तर जीएसटी आणि शेअर्ससुद्धा आहेत. वेगळा तास मागायची गरज नाही. आहे तोच धडा गावाच्या व्यवहाराला जोडायचा.

जोडायचा कसा, हे एक नमुना तास घेऊन दाखवा. नाशिक जिल्ह्यात निफाड, चांदवड, येवल्याकडच्या मुलांना कांद्याची हिशोबपट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळणारा हिशोबाचा कागद, ठाऊक असते. फळ्यावर काल्पनिक पट्टी लिहा: 12 क्विंटल कांदा, भाव 1,400 रुपये, एकूण 16,800. त्यातून ट्रॅक्टरचं भाडं 1,500 वजा करा. राहिले 15,300. हा नफा का? वर्ग बहुधा "हो" म्हणेल. मग रोपं, खतं, फवारणी, लागणीची आणि काढणीची मजुरी एकेक करून मुलांकडूनच वदवून घ्या. घरच्या माणसांनी शेतात राबलेल्या दिवसांची मजुरी धरायची की नाही, यावर वर्गात वाद होऊ द्या. उत्तर देण्याची घाई नको. नाशिक शहरातल्या शाळेत, सिडको-सातपूरला, पट्टीऐवजी वडापावच्या गाडीचा हिशोब घ्या.

एक पथ्य मात्र कडक पाळा. घरची खरी पट्टी, पगार, कर्ज वर्गात आणायला सांगायचं नाही. कुणाच्या घरात काय चाललंय ते चाळीस मुलांसमोर यायला नको. आकडे नेहमी फळ्यावरचे, काल्पनिकच.

व्याजाच्या धड्याला दोन तास द्या, कारण खरा घोळ इथंच होतो. पुस्तकात दर द.सा.द.शे. असतो, म्हणजे वर्षाचा. गावात सावकार "शेकडा तीन" म्हणतो, तो महिन्याचा. पोराला वाटतं, बँकेचे बारा टक्के महाग आणि सावकाराचे तीन स्वस्त. 10,000 रुपयांवर वर्षाचं व्याज मुलांनाच काढू द्या: बँकेचे 1,200, सावकाराचे 3,600. आठवीला पुढचं गणित द्या. व्याज थकून मुद्दलात मिळत गेलं, तर शेकडा तीनने 24 महिन्यांत 10,000 चे 20,000 च्या वर जातात. कॅल्क्युलेटर वापरू द्या, एरवी तास आकडेमोडीतच संपतो.

मोबाईलवरच्या फसवणुकीसाठी नाटुकलं पुरतं. एक मुलगा फोन करणारा, दुसरी फोन घेणारी. "पैसे पाठवतोय, पिन टाका" या वाक्याला नाटक थांबवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं एकच पक्कं करून घ्या. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करायची. घरात वडिलांचा फोन मुलंच चालवतात, त्यामुळे हा तास घरापर्यंत पोचतो.

बचतीसाठी मुलांची रोकड शिक्षकांच्या कपाटात ठेवू नका. हेतू कितीही चांगला असला तरी दहा रुपयांचा फरक पडला की संशय येतो. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेच्या नियमांनुसार स्वतः चालवायचं बचत खातं उघडता येतं. पोस्टातली आवर्ती ठेव महिन्याला 100 रुपयांपासून सुरू होते, पण ती पाच वर्षांची असते हे पालकांना आधीच सांगा.

सहलीचं ठिकाण ठरत असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

पहिल्या सत्रात सगळ्यांना ओढू नका. तयार असलेल्या दोन शिक्षकांनी तास घ्यावेत, बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसून पाहावेत. नॅशनल सेंटर फॉर फायनान्शियल एज्युकेशन शिक्षकांसाठी प्रशिक्षण घेते, त्यासाठी याच दोघांची नावं आधी पाठवा. आणि अहवाल, फोटो मागू नका. ते मागितले की तास कागदावरच होतात.