खोलीत शिरल्यानंतरचा पहिला अर्धा तास

आमचा कुत्रा ढब्बू 24 किलोंचा. कान उभे, आवाज खर्जातला आणि स्वभाव भित्रा. गेल्या सहा वर्षांत त्याला घेऊन मी चाळीसेक खोल्यांत तरी राहिले असेन. त्यात हॉटेलं आली, होमस्टे आले, भाड्याचे फ्लॅट आले. एका ठिकाणाहून रात्री अकरा वाजता सामानासकट बाहेरही पडावं लागलंय. तेव्हा हे सगळं ठेचा खाऊन शिकलेलं आहे, असं समजून वाचा.

त्या अकरा वाजताच्या प्रकारात चूक निम्मी माझीच होती. फोनवर मी एवढंच विचारलं होतं, "कुत्रा चालेल ना?" पलीकडून उत्तर आलं, "हो हो, चालेल की." बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडीवर मावणारं काहीतरी होतं आणि काउंटरसमोर उभा राहिला ढब्बू. फोनवर बोललेला माणूस दिवसपाळीचा, रात्रपाळीच्याला काहीच पत्ता नाही. त्या दिवसापासून मी बुकिंग करण्याआधी ढब्बूचा फोटो पाठवते. शेजारी मी उभी असते, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. खाली वजन लिहिते आणि "याला घेऊन अमुक तारखेला येतोय, चालेल का?" याचं उत्तर लेखीच मागते. मेल असो की व्हॉट्सअॅप, स्क्रीनवर दाखवता आलं पाहिजे.

साइटवर 'पेट फ्रेंडली' अशी खूण असली म्हणून हुरळून जाऊ नका. त्या दोन शब्दांच्या पोटात काहीही असू शकतं. वजनाची मर्यादा असते, काही जाती चालत नाहीत, ठरावीक खोल्यांतच परवानगी असते. पैशांचं तर नीट खोदूनच विचारा: जादा आकार रोजचा की मुक्कामाचा एकदाच, आणि डिपॉझिट असेल तर ते परत मिळणार का. पण या सगळ्यांहून मोलाचा आणि बहुतेक लोक विसरतात तो प्रश्न म्हणजे कुत्र्याला खोलीत एकटं ठेवू देतात का? बऱ्याच ठिकाणी नाही देत. जेवणघरातही त्याला बंदी असली, तर मग तुम्ही जेवणार कुठे आणि कसं, हे आधीच ठरवायला हवं. आम्ही दोघं असलो की पाळीपाळीने जेवतो. एकटी असले की जेवण खोलीत मागवते.

भाड्याच्या घरात भानगड वेगळी. मालक हो म्हणतो, पण इमारतीचे नियम त्याच्या हातात नसतात. म्हणून लिफ्ट आणि आवार याबद्दल वेगळं विचारा. 'कुंपण आहे' असं म्हणाले तर फाटकाच्या खालच्या फटीचा फोटो मागवा. मालकाला हसू येतं, येऊ दे. एकदा छातीइतकं उंच, देखणं कुंपण होतं आणि फाटकाखाली वीतभर मोकळी जागा. ढब्बू मावला नसता, पण त्याचं डोकं गेलं, आणि ते काढायला आम्हाला वीस मिनिटं लागली. आवारात मालकाची मांजर किंवा कोंबड्या आहेत का, तेही विचारून घ्या.

खोली निवडायला मिळत असेल तर तळमजल्यावरची आणि लिफ्टपासून लांबची मागा. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 45,000च्या आसपासचेही. लिफ्टसमोरच्या खोलीत प्रत्येक पाऊल म्हणजे त्याच्यासाठी दारावर आलेला पाहुणा. रात्रभर 'भू' करत बसतो आणि सकाळी शेजारच्या खोलीवाल्यांच्या नजरा आपण झेलतो.

पोहोचल्यावर खोली तयार नसेल तर त्याला गाडीत बसवून रिसेप्शनवर जाऊ नका. बाहेर 21 अंश इतकी आल्हाददायक हवा असली तरी बंद गाडीत दहा मिनिटांत 32 आणि अर्ध्या तासात 40 अंशांपर्यंत पारा चढतो. काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा तो वेळ चालण्यात घालवा. मोकळा होऊन, थोडा दमून खोलीत आलेला कुत्रा आणि चार तास गाडीत अवघडून थेट खोलीत सोडलेला कुत्रा, हे दोन वेगळे प्राणी असतात.

लिफ्टबद्दल एक गोष्ट. लीश आखूड धरा आणि दार बंद होईपर्यंत नजर कुत्र्यावरून हलवू नका. कुत्रा आत, माणूस बाहेर आणि लीश दारात अडकलेली, हे आमच्या बाबतीत होता होता राहिलंय. मी तेव्हा मोबाईलमध्ये खोलीचा नंबर बघत होते. जिना असला तर आता आम्ही जिन्यानेच जातो.

आता शीर्षकातला अर्धा तास. ढब्बूला बाहेर नवऱ्याजवळ थांबवून मी एकटी खोलीत शिरते आणि चक्क गुडघ्यांवर बसते. उभ्याने खोली स्वच्छच दिसते. कुत्र्याची खोली फुटभर उंचीवरून सुरू होते. पलंगाखाली, फ्रिजच्या मागे, बेसिनखालच्या कपाटात, पडद्याच्या खालच्या कडेला टॉर्च मारून बघते. आजवर सापडलेला ऐवज: कुणाच्या तरी औषधाच्या दोन गोळ्या, शुगर-फ्री च्युइंगगमचं अर्धं पाकीट, झुरळांची जेल आणि एकदा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली उंदरांच्या विषाच्या निळसर वड्या. च्युइंगगमला कमी लेखू नका, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याची रक्तशर्करा धाडकन खाली येते. उंदरांची बरीच विषं रक्त गोठू देत नाहीत आणि त्यांची लक्षणं दिसायला काही दिवस जातात. त्यामुळे 'खाल्लं वाटतं, पण ठीक दिसतोय' म्हणून थांबायचं नाही. पाकिटाचा फोटो घेऊन तडक व्हेटकडे. म्हणूनच जवळच्या आणि रात्री उघड्या असणाऱ्या व्हेटचा नंबर मी निघण्याआधीच शोधून ठेवते. उशीवर ठेवलेलं स्वागताचं चॉकलेटही आधी उचला. कमोडचं झाकण बंद. बाल्कनीच्या गजांमधलं अंतर कुत्र्याच्या डोक्याच्या मापाने बघा.

मग ढब्बू आत येतो, लीशवरच. त्याला भिंतीकडेने एक फेरी मारू देते, हवं ते हुंगू देते, पण पाय वर जायला लागला की "अंहं" म्हणून पुढे नेते. घरात कधीही न चुकणारा कुत्रा इथे चुकू शकतो, कारण आधीच्या कुत्र्याची सही कुठेतरी असतेच. आमच्या साहेबांनी एकदा पडद्यावर उत्तर लिहिलं होतं. तसं झालंच तर घासू नका, टिपून घ्या आणि एन्झाइमवालं क्लीनर वापरा, त्याने वास मुळातून जातो. अमोनियावालं नको. त्याचा वास लघवीसारखाच, म्हणजे पुन्हा आमंत्रण. छोटी बाटली बॅगेत असू द्या. आणि रिसेप्शनला स्वतःहून सांगा. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पडदा बदलला, पैसे घेतले नाहीत. लपवलं असतं तर नक्की घेतले असते.

फेरी झाली की कोपऱ्यात त्याची चादर अंथरायची. घरची, आणि न धुतलेली. प्रवासाला निघताना ती धुण्याची हौस मला पहिल्यांदा आली होती, आणि ढब्बू रात्रभर दाराशी बसून राहिला होता. साबणाचा वास त्याच्या काय कामाचा? चादरीजवळ पाण्याचं भांडं. आणि मग आपण काहीही करायचं नाही. खाली बसायचं, पुस्तक काढायचं, सामान तसंच पडू द्यायचं. माणसं आल्या आल्या बॅगा उपसतात, दारं उघडतात, फोन करतात आणि कुत्रा त्या धांदलीत गोल गोल फिरतो. आपण बसलो की पंधरा-वीस मिनिटांत तोही सुस्कारा टाकून आडवा होतो. तो सुस्कारा येईपर्यंत थांबा. त्या संध्याकाळी त्याला सोडून कुठे जाऊ नका.

एकटं ठेवायची परवानगी असेल तर दुसऱ्या दिवशी तालीम घ्या. दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग पंधरा. जुना मोबाईल आत रेकॉर्डिंगवर ठेवा. आपल्याला वाटतं तो झोपला असेल, आणि रेकॉर्डिंगमध्ये अखंड रडगाणं असतं. रडत असेल तर बेत बदला, शेजाऱ्यांवर आणि त्याच्यावरही तो जुलूम आहे. शांत राहत असेल तर पंखा किंवा टीव्ही चालू ठेवून जा, 'डिस्टर्ब करू नका'ची पाटी लावा आणि दारावर चिठ्ठी: आत कुत्रा आहे, दार उघडू नये, माझा नंबर हा. हाउसकीपिंगने दार उघडलं आणि कुत्रा निसटला, ही भीती सगळ्यात मोठी. म्हणून गळ्यातल्या पट्ट्यावर चालू मोबाईल नंबर हवाच. त्वचेखालच्या चिपवर विसंबू नका, ती जीपीएस नव्हे. स्कॅनर लावला तरच त्यातला नंबर वाचता येतो.

खाणं घरचं नेहमीचंच, पोट बिघडवायला नवी जागा पुरेशी असते. लसीकरणाच्या नोंदी, विशेषतः रेबीजची, कागदावर आणि मोबाईलमध्येही. पाय पुसायला स्वतःचं जुनं टॉवेल. हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलवर चिखलाचे पंजे उमटवून पुढच्या कुत्रेवाल्याची वाट आपणच बंद करतो.

खोलीत शिरताना आणि सोडताना मिनिटभराचा व्हिडिओ काढते. दाराच्या चौकटीवरचे जुने ओरखडे एकदा आमच्या नावावर लागणार होते, ते या व्हिडिओमुळे टळलं. केस काढायला रबरी हातमोजा किंचित ओला करून सोफ्यावरून फिरवा, गोळा होऊन येतात. शीची पिशवी खोलीतल्या कचऱ्यात टाकू नका, बाहेरच्या डब्यात. आणि किल्ली देण्याआधी पलंगाखाली पुन्हा एकदा टॉर्च मारा. ढब्बूचे आतापर्यंत तीन चेंडू तसेच राहिलेत आणि तिन्ही वेळा ते त्याला गाडी सुटल्यावर आठवलेत.